उष्ट्या पत्रावळीतला लाडू

हॅलो? … हॅलो? हो नलू, येऊन राह्यला आवाज. बोल…

हो, आत्ताच आलो यवतमाळहून, डॉक्टरकडून. बाबा आतमंदी हातपाय धुऊन राह्यले… तुले कोनं सांगतलं? सुखीबाईनं? काल तिच्याच पोरीच्या साक्षगंधाच्या पंगतीत झालं ना सारं…

हो, खरं हाय. उष्ट्या पत्रावळीतला लाडू उचलला बाबानं. कोनीतरी अर्धा खाऊन टाकलेला, वरणात भिजलेला… आन् तोंडात कोंबला! छी!

नाही वं, भूक कायची? घरून जेवून गेलते… अवं, महिन्याभरापासून हेच. परवा बुरशी आलेली भजी खाल्ली, उभ्यानं, फ्रिजचं दार उघडं ठेवून… हो, आपलेच बाबा! दुसऱ्याच्या घरी दुसरा चहा न घेणारे!

काय केलं म्हंजे? हात धरून ओढत आनलं. ‘लाज वाटते का काही?’ म्हनलं… हो, लोकायच्या समोरच… तू नको शिकवू! तू वणीत बसून…

अवं ऐक ना! घरी आल्यावर रडले ते. म्हने, ‘शीला, चव नाही लागत वं. दिसलं की हात जाते. थांबवला तं जीव कासावीस होते.’ … नाही, मले वाटलं नाटकं करून राह्यले.

मंग आज डॉक्टरले सांगतलं. त्यायनं पहिले विचारलं, ‘कंपवाताची, थरथरीची गोळी कधी वाढवली?’ … हो ना! त्याच महिन्यात! मेंदूत म्हने एक जागा असते, ‘पाहिजे, पाहिजे’ म्हननारी. त्या गोळीनं कंप थांबते, पन कोनाकोनाची ते जागा पेटते. मंग आवडो का न आवडो, मानूस मागतच राह्यते…

नाही, एकदम बंद नाही करायची. हळूहळू कमी करून दुसरी देतो म्हने… हो, होईल म्हनते बरं.

काय बोलू? काल त्यायची किळस आली, आज मायीच मले येऊन राह्यली. अवं, त्यायच्या तोंडातून काढला मी तो लाडू, बोटं घालून. लहान लेकराच्या काढते तसा. पन लेकरावर कोनी थुंकल्यासारखं बोलते का? …

थांब… बाबा? हे काय? … नलू, स्वयंपाकघराले कुलूप लावलं त्यायनं. किल्ली मले देऊन राह्यले… म्हने, ‘तू वाढशील तेवढंच.’

नाही, आत्ता नको बोलू त्यायच्याशी. मान वर करून नाही राह्यले… बाबा, घ्या ती किल्ली, उघडा. मीही नाही जेवली सकाळपासून. दोघं बसू…

ठेवते, नलू.