अक्काचं विद्यापीठ

पट्टीश्वरमच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आली, आणि गायत्रीने मोबाइलवरची गाणी बंद केली. तमिळनाडूतल्या कुंभकोणमात ही भाषा घराबाहेर सहसा कानावर पडत नाही. मागे एक वयस्कर बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते.

“अक्का, साठी उलटल्यावर कॉलेजात जातेस? तेही इटलीला?”

“महिनाभरच रे. परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं विद्यापीठ आहे. तिथले सणवार शिकवतात, स्वयंपाकसुद्धा.”

“त्यापेक्षा तिथल्या नातीलाच फोनवर मराठी शिकव की.”

“कशी शिकवू? ती इटालियनमध्ये काहीतरी सांगते, मी हसते. मी काही विचारते, ती हसते. मग तिचा बाबा, विघ्नेश, फोन ठेवतो.”

“वर्गातली पोरं तुला हसतील.”

“हसू देत. दिवाळीला फोनवर ती रडत होती. का रडते, ते मला कळेना. तेव्हाच ठरवलं.”

गायत्रीने मागे वळून पाहिलं नाही.

“बहिणीला काय म्हणतात तिकडे?”

“सोरेल्ला.”

“सोरेल्ला,” त्याने जपून म्हटलं, “तिकडे थंडी फार असते. माझी शाल घेऊन जा.”