हिमरूचा बादशहा

जालन्याच्या स्टँडवर टेंभुर्णीच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढं हिमरूचं नक्षीदार कापड विणणारे बद्रीनाथ आणि त्यांच्या ओळखीच्या सगुणाबाई उभ्या होत्या.

“भाऊजी, गावच्या नाटकात तुम्ही बादशहा झाल्ते म्हणं?”

“झाल्तो. जुन्या बादशाही कापडाचा तुकडा समोर ठेवून तशीच रेशमी वेलबुट्टी मी चार महिने विणली. अंगरखा शिवून झाला, मंग म्हणलो, दुसऱ्याच्या अंगावर कशाला घालायचा?”

“बराबर हाय. शोभला का पर?”

“लोक बघतच राह्यले. मी बी बघत राह्यलो. बाहीवरच्या एका फुलाला पाचाऐवजी चारच पाकळ्या निघाल्या.”

“अगं बाई. कुणाला दिसलं का ते?”

“कुणालाच न्हाई. पर मी बोलायचं बिलकुल विसरलो. समोर कैदी गुडघ्यावर बसलेला, आन् पडद्यामागून नाटकाचे मास्तर सांगून राह्यले, ‘गर्दन उडवा म्हणा, गर्दन उडवा.’”

“मंग म्हणले का तुम्ही?”

“त्या फुलाकडं बघता बघता माझ्या तोंडून निघालं, ‘सोडून द्या याला. चूक कुणाच्या हातून होत न्हाई?’”

“किती चांगलं बोलले, भाऊजी.”

“लोकांनी बी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मात्र पडदा पाडला.”

“इतक्यातच?”

“करता काय, वहिनी? पुढच्या दोन्ही अंकांत त्या कैद्याच्या बायकोला माझा सूड घ्यायचा व्हता.”