बेबीचं गाऱ्हाणं

मी मूळची परळची, आमचे बाबा मिलमध्ये होते, गाव मालवणकडे, मिल बंद पडली तसे बाबा गावी गेले ते परत आलेच नाहीत, आईने लोकांचे मसाले करून देऊन आम्हा बहीणभावांना मोठं केलं, ते असो, ते सांगत बसली तर दिवस जाईल. लग्न होऊन लालबागला आली. चाळीत शेजारी शेजारी दोन खोल्या, एकीत आम्ही नवराबायको, दुसरीत माझे मोठे दीर, माझी जाऊ आणि बेबी. दिरांना सगळी चाळ दादा म्हणते. बेबी ही माझी नणंद, वयाने चाळिशीची पण बुद्धी चार-पाच वर्षांच्या पोरीएवढी, जन्मापासून तशीच. सासूसासरे गेल्यावर तिचं सगळं दादाच बघायचे. अजून माझ्या तोंडातून त्यांना अहोजाहोच निघतं बघा, सवय जात नाही मेली.

आता तुम्ही मालवणी नाही म्हणून सांगते, आमच्यात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस हात जोडून उभा राहतो, देवाला मोठ्याने सगळं सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला मागची माणसं व्हय म्हाराजा म्हणतात. दादांच्या गाऱ्हाण्याचं चाळीत नाव होतं, आवाज असा की गॅलरीतली माणसं चपला काढून आत येऊन उभी राहायची. आणि बेबीला त्याचं एवढं वेड, सगळ्यांपेक्षा मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणायची आणि टाळ्या वाजवायची. एरवी तिला चार शब्द धड जोडता यायचे नाहीत, पण गाऱ्हाण्याच्या चालीवर सगळं सांगायची. बा देवा म्हाराजा, बेबीक भूक लागली रे म्हाराजा. असं म्हणून थांबायची. आपण व्हय म्हाराजा म्हटलं की मगच पुढचं. आम्ही हसायचो. काय सांगू तुम्हाला, किती हसायचो.

मी दादरला एका समुपदेशनाच्या सेंटरमध्ये काम करते, खासगी आहे, एका मॅडमचं. लोक येतात, मॅडमशी दार लावून बोलतात, मन मोकळं करतात. मी त्यांना वेळ देते, बसवते, पाणी देते. दारापाशी एक खडखडणारा जुना पंखा आहे, थंडीतसुद्धा चालू ठेवायचा, म्हणजे आतलं बोलणं बाहेर बसलेल्याला ऐकू जात नाही. आणि मॅडमचा एक नियम आहे, नव्या माणसाला त्या आधीच सांगतात, इथलं बोलणं इथेच राहील, पण लहान मूल किंवा स्वतःला सांभाळता न येणारं माणूस धोक्यात आहे असं कळलं तर मी गप्प बसणार नाही. मला पण पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मान हलवली, मला काय माहीत तो नियम माझ्याच दारात येऊन उभा राहणार.

बेबीच्या हातांवर डाग दिसायला लागले. आधी एक होता, जाऊबाई बोलली, गॅसशी खेळते ती, भाजलं. मग दुसऱ्या हातावर. मी पुन्हा विचारलं तर जाऊबाई भांडी आपटायला लागली. त्यात बेबी गादी ओली करायला लागली, दादा जवळून गेले की भिंतीला चिकटायची. आणि गंमत ऐका, तिला मॅडमकडे न्यायला दादाच बोलले. तुझ्या त्या बाईकडे ने हिला, जरा वळण लागेल. त्यांना वाटलं तिथे माणसं सरळ करून देतात. स्वतः टॅक्सी करून घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

मॅडम मला आधी बोलल्या, तुझ्या घरचं माणूस मी बघणं बरोबर नाही. मी हातापाया पडली. मग त्यांनी दादांना आपला नियम सांगितला, दादा हसत हो हो बोलले, मॅडमनी त्यांना बाहेर बसवलं आणि मी पंखा लावला. बेबी कशी बोलते ते मी मॅडमना सांगून ठेवलं होतं. एवढी शिकलेली बाई, आत बसून तिच्या प्रत्येक बोलण्याला व्हय म्हाराजा म्हणत होती. थोड्या वेळाने बेबीला विचारून मला आत बोलावलं, आणि बेबीने माझ्यासमोर हात जोडून पुन्हा सांगितलं. बा देवा म्हाराजा, दादाच्या हातातला उलथणा काढून घे रे म्हाराजा. तापलेला हा रे म्हाराजा. बेबी परत गॅसाक हात लावची नाय रे म्हाराजा. आणि थांबली, माझ्या तोंडाकडे बघत. मॅडमनी माझा हात दाबला तेव्हा मी म्हटलं, व्हय म्हाराजा.

बाहेर पंख्याच्या वाऱ्यात दादा पेपर वाचत बसलेले होते.

मॅडमनी काही लपवलं नाही हो. बेबीला त्या दिवसापासून माझ्या खोलीत झोपवायला सांगितलं आणि समाजकल्याणच्या सरकारी ऑफिसात तक्रार केली. त्यात स्पष्ट लिहिलं, हिला एकटीला भेटा, घरच्यांसमोर विचारू नका, आणि हो की नाही असं तर विचारूच नका, गाऱ्हाण्याच्या चालीत विचारलं की ती कशालाही हो म्हणते, तिचं तिला सांगू द्या. एवढं फोडून सांगितलेलं.

घरी काय झालं असेल ते तुम्हीच समजा. दादांनी नाही म्हटलंच नाही, त्यांना त्यात चूक दिसतच नव्हती. आगीची भीती बसायला नको का तिला, उद्या अख्खी चाळ पेटवेल, आईबाप गेल्यावर हिला कोणी पोसलं. माझा नवरा बोलला, दादाने केलं ते तिच्या भल्यासाठी, तू आमच्या घराची अब्रू दादरला नेऊन टांगलीस. त्याच्या तोंडचं ऐकलं ना, तिथे माझं लग्न संपलं. नंतर एका छताखाली राहिलो ते नुसतं राहणं.

चौकशीला माणसं आली ती नेमकी गणपतीत. एक साहेब आणि एक बाई. लालबागला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, गर्दीतून घामाघूम होऊन आलेली. जाऊबाईने मोदक दिले. मी बोलली, साहेब, बेबीला माझ्या खोलीत घेऊन बसा, मॅडमनी लिहिलंय. ते बोलले, होईल ते पण होईल, बसा. आणि दादा उठले. बोलले, साहेब, मी देवासमोर खोटं बोलणार नाही, देवालाच विचारू. अख्खी चाळ दारात. दादांनी हात जोडले आणि तो आवाज लावला. बा देवा म्हाराजा, या घराक जो कलंक लावलो हा तो दूर कर रे म्हाराजा. सगळे बोलले, व्हय म्हाराजा. बेबीक तिच्या भावान फुलासारखी सांभाळली रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. माझा नवरा बोलला. आणि सगळ्यांच्या वर बेबीचा आवाज. टाळ्या वाजवत, हसत. किती दिवसांनी घरात गाऱ्हाणं होत होतं, ती खूश होती हो. साहेब बोलले, बघा, ती स्वतःच बोलतेय.

मी ओरडली. अहो ती काहीही विचारा हेच बोलणार, हात बघा तिचे, हात बघा. त्या बाईने हात बघितले, जाऊबाई बोलली गॅस, आणि बाईने पण मान हलवली. देवासमोर तमाशा नको म्हणून मला गॅलरीत काढलं, माझ्याच नवऱ्याने, दंडाला धरून.

बेबीला पुन्हा दादांच्या खोलीत नेलं. मी तिथे राहिली नाही, भावाचं सरकारी क्वार्टर आहे अँटॉप हिलला, तिथे असते. नोकरी तीच. मॅडमनी पुन्हा तक्रार केलीय, वरती, त्या अजून मागे लागलेल्या आहेत. पण एक सांगते, त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडते ते नुसते जोडते, मागत काही नाही. ज्याच्यासमोर ते सगळं झालं त्याच्याकडे काय मागू.

कामावरून सुटली की मसाल्याचं निमित्त करून लालबागला उतरते. घरात मला येऊ देत नाहीत, मी चाळीसमोरच्या फुटपाथवर उभी राहते. बेबी कठड्याला धरून गॅलरीत असते. हात लांबून दिसत नाहीत, बाह्या आता लांब शिवतात तिच्या. मला बघितलं की जोरात सुरू करते, बा देवा म्हाराजा, वयनीक घरात घे रे म्हाराजा, आणि थांबते. घरातलं कोणी उत्तर देत नाही, दादांनी मना केलंय. ती तशीच तोंड उघडं ठेवून वाट बघत राहते. मग मी खालून, भर रस्त्यातून, माणसं वळून बघतात तरी, जेवढा आवाज आहे तेवढा लावून म्हणते, व्हय म्हाराजा.