केसभर मागे

...आधी वायसर म्हणजे काय ते सांगतो, कारण शब्दकोशात तो सापडत नाही, मी पाहून ठेवलं आहे. नळाच्या पोटात रबराची एक चकती असते, नखाएवढी, आणि तिच्यावर अख्ख्या घराची अब्रू टेकलेली असते! आमच्या स्वयंपाकघरातली झिजली. कधी? अकरा वर्षांपूर्वी! 'बदलून घेऊ' म्हणता म्हणता आमचे चष्मे बदलले, चकती तीच. तुम्हाला सांगतो, तो नळ घट्ट बंद केला की जास्तच वाहायचा, म्हणून त्याची एक रीत बसली होती : पूर्ण पिळायचा आणि केसभर मागे घ्यायचा. केसभर म्हणजे एकच केस, दोन नव्हेत! आमच्या हिचा हात असा तयार की बोलता बोलता बंद करायची. पाहुण्यांना शिकवणी द्यावी लागे. भावोजी तर आमच्याकडे हात धुवायचेच थांबले, रुमालाला पुसून मोकळे.

हे भावोजी आणि ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, राहतात नेमके आमच्या खाली. पाहुणा हुकला की त्यांच्या छतावर डाग. ताई त्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख घालायची.

"गळतंय रे तुझं."

"ताई, गळणं वेगळं, झिरपणं वेगळं. हे झिरपतंय."

"मग झिरपत खाली ये आणि बघ."

शेवटी तिनं छत रंगवून घेतलं आणि मला हळूच म्हणाली, "आता एक थेंब जरी पडला ना, तर आपलं येणंजाणं बंद. वर बघून बघून मान गेली माझी."

एकुलती एक बहीण हो! मी त्याच दिवशी प्लंबरला गाठला. चार दिवस तो 'निघालोच' म्हणत होता, पाचव्या दिवशी खरंच निघाला, आणि पाच मिनिटांत वायसर बदलून गेला. अकरा वर्षं... पाच मिनिटं!

संध्याकाळी ताईनं नव्या छताखाली चहाला बोलावलं. निघताना मी एक पेला विसळला, नळ बंद केला. सिंकच्या जाळीवर ताट आडवं पडलं होतं, पण ताटाकडे कोण बघतो? खाली सगळे माना वर करून बसलो. ताई कितीतरी महिन्यांनी हसली, दुसरा चहा ओतला... आणि तिच्या कपात थेंब पडला. भावोजींनी शेजारी एक रिकामी बशी सरकवली.

प्लंबर पुन्हा आला. मला नळ बंद करून दाखवायला लावला. माझ्या मनगटाकडे बघत राहिला. "साहेब, नळाचा वायसर बदलला. हाताचा माझ्याकडे मिळत नाही."

आता इमारतभर सांगतात की मास्तर नळ उघडा टाकून चहाला गेले. साफ चूक! मी तो बंद केला होता, अकरा वर्षं करत आलो तसाच : पूर्ण पिळला आणि केसभर मागे घेतला. आणि बहीणभावांचं येणंजाणं तुटलं म्हणतात, तेही खोटं. ताई रोज सकाळ-संध्याकाळ वर येते, स्वतःच्या हातानं नळ पिळते, 'हात लावू नकोस' एवढंच बोलते आणि जाते.

मी लावत नाही. तहान लागली की खाली जातो, तिच्याकडे.