धाकटीचा बुचडा

दवाखान्यात मुलांची उंची मोजायची रांग होती. माझ्यापुढे सासूसुना. सुनेच्या कडेवर दोन वर्षांची धाकटी, हाताशी मोठी. वय सात, पण दिसायला पाचाची.

"धाकटीचा बुचडा का सोडतेस? सकाळी किती मेहनतीनं बांधला."

"उंची डोक्याची मोजतात, आई. केसांची नाही."

"बारा नंबर."

"आपल्या घरात सगळे बुटकेच. त्यात लपवायचं काय नि दाखवायचं काय?"

"मोठीच्या वेळी लपवलंच ना? असाच बुचडा बांधलात, कार्डावर 'ठीक' लिहून आलं. ठीक असलेल्या पोरीला कोण विचारतंय, काय खातेस, सारखी आजारी का पडतेस?"

"तेव्हा आरसा तूच धरला होतास."

"धरला होता. म्हणून आज मीच सोडतेय."

"तेरा नंबर."

"आणि मोठीला कशाला मोजायचं? व्हायचं ते झालं."

"शाळेतल्या बाई तिला मठ्ठ म्हणतात. आजचा कागद त्यांच्यापुढे ठेवणार. अंगाला कमी पडलं ते डोक्यालाही कमी पडलं, तिला जरा जास्त वेळ द्या, म्हणणार."

"नाही दिला तर?"

"दुसऱ्या दिवशी परत जाईन. तिसऱ्या दिवशीही."

"त्या कंटाळतील."

"कंटाळू देत. मी नाही कंटाळणार."

"चौदा नंबर."

"चला, आपला आला. चपला काढा गं दोघींनी."

"थांब जरा. धाकटीला मी मोज्यांचे तीन जोड घातलेत. तेही काढ."