दारात टॉवेल घेऊन उभी

“हॅलो?… हो ताई, बोल… नाही गं, जेवणाचीच सुट्टी आहे. पण जरा थांब, हात अडकलेत. ठेवू नकोस.”

नळ्या पाच होत्या. रक्त फिरवायच्या यंत्रात नळीसमोर नळी लागते. तोल गेला की ते थरथरतं आणि थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत जातं. म्हणून धाकटीने सहाव्या नळीत साधं पाणी घेतलं, उजेडाकडे धरून बाकीच्यांच्या पातळीला आणलं आणि ती नळी पाचवीच्या समोर बसवली. पाण्याच्या नळीवर नाव लिहीत नाहीत आणि तिचा रिपोर्टही निघत नाही. झाकण लावून तिने बटण दाबलं, हातमोजे काढले, कानातली वायर नीट केली आणि ती स्टुलावर बसली.

“हं. आता बोल.”

धाकटी बेचाळीस वर्षांची होती. लॅबमध्ये आधी तिला तिच्या नावानेच हाक मारत, पण एकदा मोबाइल लागला नाही म्हणून ताईने काउंटरवर फोन करून “आमची धाकटी आहे का?” असं विचारलं, आणि तेव्हापासून लॅबमध्येही ती धाकटीच झाली. तिने त्याला हरकत घेतली नाही. हरकत घेणं हा तिचा प्रांत नव्हता.

“बघितला तू पाठवलेला व्हिडिओ… बघितला गं. पूर्ण नाही, सुरुवातीचा… अगं, तो माणूस पळता पळता शिकवतो. पळायच्या पट्ट्यावर… असेल मोठा लेखक. पण दम लागलेला माणूस दिसला की माझं लक्ष त्याच्या ओठांच्या रंगाकडे जातं. तो काय म्हणाला ते राहूनच गेलं.”

विषय पटकथेच्या कोर्सचा होता. धाकटीला सिनेमा लिहायला शिकायचं होतं. हे तिने तीन वर्षांपूर्वी ताईच्या स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता सांगितलं होतं. भावोजींनी त्यावर “मग माझी भूमिका कुठली?” असं विचारलं होतं आणि तो विनोद घरात अजून चालू होता. ताईने मात्र विषय मनावर घेतला. घराला गळती असो की धाकटीला हौस, ताई दोन्हींवर सारख्याच तडफेने माणूस शोधायची.

“स्वस्त आहे, मान्य… फुकटासारखाच, हो. फुकट ते पौष्टिक… नाही, टोमणा नाही… कधीही बघता येतो, कळलं… थांबवून थांबवून… हो. आप्पांच्या पलंगाशेजारी बसून… रविवारी… हो ताई, ऐकतेय. एका दगडात दोन पक्षी, ऐकलं मी.”

इथेच घोडं अडलं होतं. त्यांच्या वडिलांची, आप्पांची, उजवी बाजू लकव्याने गेली त्याला दोन वर्षं झाली. ते ताईकडे असत. सोमवार ते शनिवार ताई त्यांचं सगळं करायची आणि रविवारी सकाळी धाकटी जायची. धाकटीने पायरीवर चपला काढल्या की ताई आतल्या खोलीचं दार लावून घेई आणि दुपारपर्यंत झोपे. मग तोंड धुऊन, बरी साडी नेसून एकटीच बाहेर जाई आणि दिवे लागले की परत येई. कुठे गेली होतीस, असं तिला कुणी विचारत नसे. आठवड्यातला तेवढाच दिवस ताईचा होता.

आणि धाकटीला जो कोर्स पसंत पडला होता, तो रविवारी सकाळी असायचा. हे तिने ताईला सांगितलं नव्हतं. आठवडाभर दोघींचं गुऱ्हाळ चालू होतं, पण ते फीचं होतं. वाराचा प्रश्न निघाला नव्हता, आणि तो निघणार नाही याची काळजी धाकटीने घेतली होती.

“नाही, फीचं तेवढं नाही… महाग म्हणजे चांगला असंही नाही ना. आपल्याकडे इथेच बघ, दोन यंत्रं आहेत, महागडं जास्त वेळा बंद असतं… मग ठरवायचं कसं म्हणजे? मी चाचणी घेतली… त्यांची. शिकवणाऱ्यांची… हस तू. हसून झालं की सांग.”

लॅब उघडली की पहिला नमुना पेशंटचा नसतो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक नमुना यंत्राला देतात. त्याने ते उत्तर बरोबर दिलं, तरच पेशंटचं रक्त त्याच्या स्वाधीन करायचं. धाकटीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोर्स निवडायची दुसरी रीत तिला सुचलीच नाही. तिने दोन पानांचा एक प्रसंग लिहिला आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरली. पहिल्या पानावर म्हाताऱ्याचा उजवा हात लुळा आहे. दुसऱ्या पानावर तो त्याच हाताने चहाचा कप उचलतो. मग तीच दोन पानं घेऊन ती तीन ठिकाणी गेली.

“आप्पांवर नाही गं… एक म्हातारा आहे, एवढंच… उजवाच, हो. कुठला तरी हात घ्यावाच लागतो ना… ऐक तरी. पहिल्या ठिकाणी मी गारठले. काचेची इमारत. खुर्ची अशी, की टेकलं की आपोआप मागे जाते. मी सगळा वेळ पोटाला ताण देऊन बसले… हो, तोच. सगळ्यात महाग. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, तुमच्यात आग आहे… आग… मी काय म्हणणार? थँक्यू म्हटलं… नाही ना, हाताचं काहीच नाही. उलट तो कप उचलतो ना, ते त्यांना फार आवडलं. आशेचं प्रतीक म्हणाले… हो, आशेचं… आणि आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले तर सवलत.”

ताई हसायला लागली की तिला आवरत नसे. धाकटीने वायर कानापासून जरा लांब धरली. तिला स्वतःला हसू आलं नव्हतं. त्या माणसाने पानं वाचताना मान किती वेळा डोलावली होती ते तिला आठवत होतं, आणि त्या मानेवर तिचा थोडा वेळ विश्वासही बसला होता.

“दुसरं, ते शाळेतलं. संध्याकाळी, लहान मुलांच्या बाकांवर. गुडघे मावत नाहीत… फी मधली. सर्टिफिकेट देतात, हो, फोटो लावून… त्याने वाचलं आणि म्हणाला, म्हाताऱ्याला निवृत्त पोलीस करा… मीही विचारलं. म्हणाला, पोलीस केला की त्याच्या मागे काहीतरी घडलेलं असतं… नाही, हात नाही दिसला त्यालाही… भावोजींना सांग, सर्टिफिकेट भिंतीवरच लावायचं असतं, आणि माझ्याकडे रिकामी भिंत एकच आहे. तिला ओल येते.”

पलीकडे चमचा वाजला, मग खाकरल्याचा आवाज आला. धाकटी ताठ बसली.

“आप्पा का?… काय म्हणतायत?… असं होय… त्यांना सांग, नवीन ब्लेड आणून ठेवलंय मी.”

आप्पा परक्याच्या हातून दाढी करून घेत नसत. ताईने केली तर गाल फुगवून बसत आणि मुद्दाम हलत. धाकटीकडून मात्र मुकाट्याने करून घेत. तेव्हा रविवारी येणार ना, असं ते रोजच कुणाला तरी विचारत, आणि रोज कुणीतरी हो म्हणत असे. आज धाकटी हो म्हणाली नव्हती. ब्लेड आणलंय, एवढंच म्हणाली होती. ते खरं होतं, आणि हा फरक पलीकडे कुणाच्या लक्षात आला नाही.

“तिसरं… सांगते ना. शिंप्याच्या दुकानावर एक खोली आहे. जिना इतका अरुंद, की खालून कुणी येत असलं तर वरच्याने थांबायचं. एक बाई शिकवतात. सिनेमाचं संकलन करायच्या… म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं कापायच्या. काय ठेवायचं, काय फेकायचं… आता वय झालंय, पण नजर आहे. सात-आठ जणांनाच घेतात… फी अगदी कमी. पहिल्याच्या पाव सुद्धा नाही… मलाही तीच शंका. विचारलं तर म्हणाल्या, जागा माझी, चहा तुमचा आणि जाहिरात कुणाचीच नाही… पोळीभाजी नाही न्यायची, नुसता चहा म्हटलं मी. ऐक ना.”

तिथला प्रसंग धाकटीने एका दमात सांगितला, आणि ताईने मध्ये तोंड घातलं नाही. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग परत पहिलं उचललं आणि कुणाला तरी आठवण करून द्यावी तशा म्हणाल्या, “हा हात मघाशी गेलेला होता ना?”

यंत्राने उत्तर बरोबर दिलं की चाचणी संपते. धाकटी पानं परत घ्यायला हात पुढे करत होती. पण बाईंनी पानं दिली नाहीत. त्यांनी पहिल्या पानावरच्या एका ओळीवर नख ठेवलं. ती चूक धाकटीने पेरलेली नव्हती.

“काही नाही गं, साधी ओळ… ‘दारात धाकटी मुलगी टॉवेल घेऊन उभी आहे.’ एवढीच… बाई म्हणाल्या, ही जाते कधी?… नाही जात. मी बघितलं तेव्हा कळलं. दोन्ही पानं संपतात तरी ती दारातच आहे. एक शब्द बोलत नाही… बाई म्हणाल्या, इथे प्रत्येकाला काहीतरी हवंय. म्हाताऱ्याला चहा हवाय. डॉक्टरला निघायचंय. हिला काय हवंय?… मी म्हटलं, ती टॉवेल द्यायला आहे.”

यंत्राचा आवाज एका सुरात चालू होता.

“त्या म्हणाल्या, मग टॉवेल खुंटीला अडकव आणि हिला काढून टाक. नाहीतर तिला काहीतरी मागू दे.”

बाईंच्या बोलण्यात टोचणी नव्हती. साखर किती, हिमोग्लोबिन किती, हे धाकटी पेशंटला ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं होतं. म्हणूनच धाकटी जिना उतरून खाली आली तरी शिंप्याच्या दुकानासमोर बराच वेळ उभी राहिली, आणि शिंप्याने दोनदा विचारलं, माप द्यायचंय का.

“…कोण म्हणजे? धाकटी मुलगी… हो ताई. मीच… तूही आहेस. आहेस ना… तू बसायला जागा शोधतेस. दोन्ही पानं… नाही, वाईट नाही लिहिलेलं तुला. तुझी पाठ दुखतेय, एवढंच लिहिलंय. खुर्चीवर दर वेळी काहीतरी ठेवलेलं असतं. कपडे, औषधं, डॉक्टरची बॅग… ताई?… आहेस का?… मला वाटलं फोन तुटला.”

फोन तुटला नव्हता. ताई नाक पुसत होती, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ सोडला होता. पाणी उगाच वाहू देणाऱ्यांतली ताई नव्हती. एरवी तीच सगळ्यांच्या मागे जाऊन नळ बंद करायची. नळ बंद होईपर्यंत धाकटी थांबली.

“हं… हो, मलाही वाटतं. तोच चांगला आहे… नको गं, पैसे आहेत माझ्याकडे. खरंच आहेत… पुढच्या महिन्यापासून. वर्षभर… हो, लॅब सांभाळून… वेळ सकाळची…”

यंत्राचा सूर उतरायला लागला होता. आतलं चक्र पुरतं थांबल्याशिवाय त्याचं झाकण उघडत नाही, कितीही घाई असली तरी.

धाकटीने सगळी तयारी केली होती. पहिल्या कोर्सची फी आणि या कोर्सची फी यांच्यात जे अंतर होतं, तेवढ्यात रविवारी आप्पांजवळ थांबणारा माणूस वर्षभर मिळत होता. लॅबच्या खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात पेशंटना उचलणारा, आंघोळ घालणारा एक शांत मनुष्य होता. त्याच्याशी ती बोलली होती आणि तो हो म्हणाला होता. दाढी ती स्वतः शनिवारी संध्याकाळी करून येणार होती. ताईची दुपारपर्यंतची झोप, ताईचं बाहेर जाणं, कशालाच धक्का लागत नव्हता. हे सगळं आधी सांगायचं आणि वार शेवटी, असं तिने ठरवलं होतं. सुई दाखवण्याआधी कापूस दाखवतात, तसं.

पण आता तिला दिसलं की या तयारीत आप्पांचं होतं, ताईचं होतं, त्या खालच्या मजल्यावरच्या माणसाचंही होतं. प्रत्येकाच्या हातात काय द्यायचं ते नीट घडी घालून ठेवलेलं होतं. ती अजून टॉवेल घेऊनच उभी होती.

चक्र थांबलं. हिरवा दिवा लागला. झाकणाच्या काचेतून नळ्या दिसत होत्या. पाचांत खाली गडद आणि वर पिवळसर असे दोन थर झाले होते, आणि सहावीत जसंच्या तसं पाणी होतं.

“काय म्हणालीस?… वार?… वार विचारतेस होय.”

काउंटरवरून कुणीतरी तिला हाक मारली. धाकटीने नुसता हात वर करून थांबायला सांगितलं.

“माणसाची सोय केलीय मी, ते नंतर सांगते. आधी हे ऐक. ताई, मला रविवार हवेत.”