दडवलेलं उत्तर

समारंभाचे अध्यक्ष, शिरोली एमआयडीसीतले जुने कारखानदार माननीय गणपतराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती संघप्रिया, तिची आई रूपालीताई आणि मंगळवार पेठेतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बंगळूरच्या एका बलाढ्य कंपनीत संघप्रियाला सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी लागली. परवा ती निघणार. तिच्या गळ्यात हार पडला, योग्यच झालं. पण गणपतराव, माझ्या खांद्यावर ही शाल कशासाठी? तुम्ही आत्ता म्हणालात, "मॅडमनी दगडाला पैलू पाडले." दगड? ही पोरगी तुम्हाला दगड वाटली?

मी पुण्याच्या मोठ्या कंपनीत छत्तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले, शेवटी शेवटी मुलाखतीही घेतल्या. म्हणून रूपालीताई हिला माझ्याकडे घेऊन आल्या. "हिला जरा मुलाखतीसाठी तयार करा की, मॅडम. घरात लई बोलती, भाईर तोंड उघडंना."

सरावासाठी मी एक कोडं घातलं. गावभर माल पोचवायचा आणि ट्रकच्या फेऱ्या कमीत कमी करायच्या. मला एकेकाळी दोन दिवस छळलेलं ते कोडं हिनं चहा निवायच्या आत फळ्यावर सोडवलं.

आणि मी म्हणाले, "चूक."

चूक नव्हती. मला स्वच्छ दिसत होतं.

पंच्याऐंशी साली माझ्या मुलाखतीत एका साहेबांनी माझं बरोबर उत्तर असंच चूक ठरवलं होतं. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अंगात भिनवलेलं. "सॉरी, सर" म्हणाले आणि माझं उत्तर माझ्याच हातानं पुसलं. नोकरी मिळाली, पण नवं काही घडवणाऱ्या गटात नाही. दुसऱ्यांनी केलेले घोळ निस्तरणाऱ्या गटात. तिथंच निवृत्त झाले. आणि ही बावीस वर्षांची पोर माझ्याच घरात, माझ्याच फळ्यावर! मला हेवा वाटला. सरळ शब्द आहे, सरळच वापरते.

दुसऱ्या दिवशी आली ती चेहरा पाडून. "मॅडम, चूक सापडंना."

"परत शोध," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी वही पुढं ठेवली. तीन निरनिराळ्या रीतींनी उत्तर पडताळलेलं. "मॅडम, राग मानू नका. पर चूक न्हाय की."

मी काय केलं? "बरं, पुढचं घे," म्हणाले. वहीकडं पाहिलंसुद्धा नाही.

खऱ्या मुलाखतीत शेवटच्या फेरीला परीक्षकानं तेच केलं. बरोबर उत्तराला मुद्दाम चूक म्हणायचं आणि समोरचा डगमगतो का बघायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. ही डगमगली नाही. चूक नाही आणि का नाही, ते शांतपणे दाखवून आली. बाहेर पडल्या पडल्या मला फोन: "मॅडम, तुम्ही आधीच सवय लावलीसा म्हणून जमलं!" अख्ख्या पेठेत तेच सांगत सुटली. म्हणून ही शाल.

मी कसली सवय लावणार? "बरोबर असंल तर जाऊन सांग की तोंडावर," असं हिला त्या तीन दिवसांत कोण म्हणालं, ते मला नंतर कळलं. रूपालीताई, इकडे या. लाजताय काय? ही शाल तुमची.

आता हेवा गेला का? नाही गेला. माईक हातात धरून उभी आहे, तरी आहेच.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. पण एक चूक पोटात घालण्यातली नाही, ती सगळ्यांसमोर दुरुस्त करते. संघप्रिया, तुझं उत्तर बरोबर होतं. पहिल्याच दिवशी.